अध्यक्ष आत गेले हो!

दोर म्हणजे बांधायची वस्तू, आत शिरायची नव्हे, असा आमच्या गावाचा आजवरचा समज होता. पोळ्याच्या आधी ओसरीत बसून अंबाडीचे कासरे वळायचे, वेसण नवी करायची. आता अंबाडीच्या जागी बाजारातला नायलॉन आला, पण दोराच्या एका टोकाला बैल आणि दुसऱ्या टोकाला माणूस, ही व्यवस्था कुणी मोडली नव्हती. ती मोडली जिल्हा परिषदेच्या शाळेत दोरीचा बोगदा बसला तेव्हा.

दोन लोखंडी कमानी आणि मधे जाळीची आडवी, गोल नळी. दोर अंगठ्याएवढा जाड. आत पोलादी तारा, वरून पॉलिप्रॉपिलीन. म्हणजे ब्लेडनं कापायला घेतला तरी तुटत नाही. याची खात्री पोट्ट्यांनी पहिल्याच दिवशी करून घेतली. असला दोर उन्हानं झिजतो आणि आमच्याकडे मे महिन्यात पारा ४५च्या पुढे जातो. म्हणून बोगदा कडुनिंबाखाली घ्यायला लावला. अध्यक्ष म्हणून माझ्या नावावर असलेलं काम ते एवढंच.

हो, मी शाळा व्यवस्थापन समितीचा अध्यक्ष. २००९च्या शिक्षण हक्क कायद्यानं या समितीत पाऊण सदस्य पालक लागतात. निवडीच्या दिवशी पावसानं वावरात जाता आलं नाही, सभेला गेलो, आणि झालो.

२६ जानेवारीला झेंडावंदन झालं. फीत कापायची तर फीत हवी, कात्री हवी. मुख्याध्यापक म्हणाले, "अध्यक्षसाहेब, तुम्हीच पयले आत जा. लेकरायची भीती मोडते." भीती कोणाची? पोट्टे तर आदल्या दिवसापासून त्याला उलटे लटकत होते. पण समोर सरपंच, ग्रामसेवक, अख्खा गाव, आणि माझ्या अंगात कडक इस्त्रीचा पायजमा. गेलो.

जमिनीवर रांगताना खाली निदान जमीन असते. इथं गुडघा टेकला की तो भोकातून खाली. तो काढायला हातावर जोर द्यावा, तर हात खाली. त्यात दोर वजनाप्रमाणे झुकतो. लेकराला ती वाट सपाट. माझ्या पाऊण क्विंटलला मात्र खड्डा, आणि तो खड्डा माझ्याच सोबत पुढे सरकत होता. बोगदा बसवणाऱ्या पोरानं सांगितलं होतं, की युरोपातल्या नियमांत खेळण्याचं भोक एकतर ८९ मिलिमीटरपेक्षा लहान नाहीतर २३०पेक्षा मोठं ठेवतात. मधल्या मापात लेकराचं अंग जातं आणि डोकं अडकतं. पोटाचं माप त्यानं काढलं नाही, मीही विषय वाढवला नव्हता.

मधोमध पोचलो तर पुढे पहिलीतली एक पोरगी मांडी घालून बोरं खात बसलेली.

"सरक ना बाई."

"मी पयले आली."

मागं वळायची सोय नाही. तोवर चौथीचा वर्ग मागून आत शिरला होता.

"काका, पाय आवरा, माह्या तोंडात येऊन रायला!"

"काऊन थांबले जी?"

"पेट्रोल संपलं असन."

माझा मुलगा त्याच चौथीत. तो मात्र बाहेर, हापशीजवळ, आमचा काही संबंध नसल्यासारखा उभा.

अडकलेला माणूस उठून जात नाही, हे धाकट्या गुरुजींनी हेरलं आणि जाळीला तोंड लावून मला माहिती द्यायला घेतली. जपानमध्ये तोशिको होरिउची मॅकॅडम नावाच्या कलावंत बाई विणून कलाकृती करत. १९७०च्या दशकाच्या सुरुवातीला प्रदर्शनात दोन मुलं त्यांच्या टांगलेल्या कलाकृतीवर चढली. बाई रागावल्या नाहीत. उलट तेव्हापासून त्या लेकरांना चढायला क्रोशाच्या अवाढव्य जाळ्या विणू लागल्या. हाकोनेच्या उघड्यावरच्या संग्रहालयात त्यांची एक आहे. ऐकून माझी मान लवली, तशीही ती वर होत नव्हती. आमची काकूही क्रोशानं टीव्हीवरचा रुमाल विणते. त्यावर मांजर बसलं तरी ती चप्पल हातात घेते.

एवढ्यात बोरं संपली. शेवटची आठोळी जाळीतून ग्रामसेवकांच्या टोपीवर सोडून पोरगी माझ्याकडं वळली. "भोकात नाई जी काका, गाठीवर ठेवा गुडघा. जिथं दोर दोरावर येते, तिथं."

ठेवला. बसला! हात एका गाठीवर, गुडघा दुसऱ्या गाठीवर, असा तिच्या मागोमाग सरकत बाहेर आलो. पायजम्याच्या दोन्ही गुडघ्यांवर जाळी छापून निघाली होती. टाळ्या झाल्या. गावाच्या व्हॉट्सॲप ग्रुपवर फोटो माझ्या आधी पोचला होता. त्यात चेहरा सोडून सगळं होतं.

मुख्याध्यापकांनी माइक हातात घेतला. "आता आपले उपाध्यक्ष..."

उपाध्यक्षांच्या कपाशीत त्याच मिनिटाला कोणाची तरी गाय शिरली. फोन आला नाही, कोणी सांगायला आलं नाही, तरी त्यांना कळलं.