होडीचा रंग आणि माझा बेरंग

होडी रंगवायची म्हणजे ब्रश घ्यायचा आणि रंग लावायचा, अशी समजूत असलेली माणसं सुखी असतात. त्यांच्याकडे होडी नसते.

माझी होडी इवलीशी. एक डोलकाठी, एक शीड, एक सुकाणू. बांधणी मात्र खानदानी: फळीवर फळीची कड चढवून तांब्याच्या खिळ्यांनी जोडलेली. नॉर्वेतल्या गोकस्टाडचं व्हायकिंग जहाज नवव्या शतकात असंच बांधलं होतं, फक्त खिळे लोखंडी, आणि २०२१ साली युनेस्कोनं उत्तर युरोपातली ही कला आपल्या वारसा-यादीत घातली. घालायलाच हवी होती. पण प्रत्येक फळीच्या कडेखाली दडून बसलेला जुना रंग कुणी खरवडायचा, हे त्याच वेळी ठरवून टाकायला हवं होतं.

तिथे मशीन शिरत नाही. पॉलिश पेपरची घडी बोटावर चढवायची आणि घासायचं. आधी ८० नंबर, मग १२०, मग २४०. लाकूड गुळगुळीत झालं की नाही ते सांगता येत नाही, पण माझी बोटं इतकी झाली की फोननं मला ओळख दाखवणं बंद केलं.

मध्येच सुकाणूच्या बिजागऱ्या काढायला घेतल्या. स्क्रू पितळी. खाऱ्या पाण्यात पितळेतलं जस्त हळूहळू निघून जातं आणि मागे उरतं ते गुलाबीसर, ठिसूळ तांबं. पेचकसाला जरा जोर दिला, तर डोकं माझ्या हातात आणि धड लाकडात. पितळ उघडं पडलं ते असं. नवे स्क्रू कांशाचे आणले. त्यांची किंमत ऐकल्यावर मोजून आणले.

मग रंगाच्या डब्यावरच्या सूचना. जागा कोरडी हवी, धूळ नको, वारा नको, कडक ऊन नको, दमट हवा तर नकोच. असा दिवस उगवतो, नाही असं नाही. त्या दिवशी पाहुणे येतात. पाहुणे गेल्यावर संध्याकाळी लावावा, तर ओल्या रंगावर दव पडतं आणि सगळी चकाकी मरते.

व्हार्निशची तऱ्हा आणखी वेगळी. पहिला हात निम्मं थिनर घालून, लाकडात मुरण्यासाठी. तो वाळला की घासायचा. दुसरा लावायचा, वाळला की घासायचा.

‘‘अहो, काल लावलेलं आज खरवडताय कशाला?’’ बायकोनं विचारलं.

‘‘पुढचा हात नीट धरावा म्हणून.’’

‘‘मग तोही खरवडणार?’’

या प्रश्नाला नौकानयनाच्या इतिहासात उत्तर नाही. शेवटचा हात काचेसारखा बसला आणि त्यावर एक डास उतरला. चिमट्यानं अलगद उचलला. डास आला, एक पाय राहिला. अजून आहे, नाळेपाशी, म्हणजे होडीच्या पुढच्या टोकाला, डाव्या बाजूला.

पण खरी गंमत फळ्यांमधल्या फटींची. होडी बरेच महिने कोरडी राहिली की लाकूड आकसतं. आतून पाहिलं तर फटींतून उजेड दिसतो. येणारा-जाणारा प्रत्येक जण थांबून सांगून गेला, ‘‘लांबी भरा की त्यात!’’ तर भरायची नाही. पाण्यात लाकूड फुगतं आणि फटी आपोआप मिटतात. तिथे कडक लांबी भरून ठेवली, तर फुगणाऱ्या फळ्यांना जागा उरत नाही. मग फळी तडकते नाहीतर खिळे ताणले जातात. हे मी प्रत्येकाला समजावलं. प्रत्येकानं मान डोलावली आणि जाताना पुन्हा सांगितलं, ‘‘तरी थोडी भराच.’’

शेवटी होडी उथळ पाण्यात लोटली, दोराला बांधली आणि काठावर बसून राहिलो. पाणी सगळ्या फटींतून एकदम आत आलं. बघता बघता बसायची फळी पाण्याखाली गेली. लांबीवाले काका धावत आले.

‘‘अहो, बुडतेय तुमची होडी!’’

‘‘बुडू दे. उद्यापर्यंत बुडलेलीच ठेवायचीय.’’

त्यांनी आधी होडीकडे पाहिलं, मग माझ्याकडे, आणि मग बायकोला बाजूला घेऊन हळूच विचारलं, ‘‘वहिनी, हे कधीपासून?’’