अर्ज निकाली, नियम तसाच

पूर आला की कोल्हापुरात टीव्हीवाल्यांपासून साहेबलोकांपर्यंत सगळ्यांचा एक ठरलेला प्रश्न असतो. 'सांगूनसुद्धा लोक वेळेत बाहेर का पडत नाहीत?' पंचगंगेवरच्या राजाराम बंधाऱ्यावर ३९ फुटांना इशारा, ४३ ला धोका, हे आमच्याकडं शाळेतल्या पोरांनाही पाठ असतं. तरी २०१९ ला पाणी ५५ फुटांच्या वर गेलं तेव्हा चिखली-आंबेवाडीत माणसं अडकलीच.

का अडकली, हे दावणीला चार म्हशी असलेल्या माणसाला विचारायचं. "आम्ही बसतो ओ बोटीत, पण ह्यांचं काय?" संपला विषय. दर दहा दिवसांच्या दूध बिलावर ज्याचं घर चालतं, तो म्हशीचं दावं तसंच सोडून शाळेच्या वर्गात झोपायला जाईल, असं ज्यांनी धरलं होतं त्यांनी आयुष्यात म्हैस पाळलेली नव्हती. आता पाणी वाढायला लागलं की जनावरांसकट हला म्हणून सांगतात, त्यांच्या निवाऱ्याचं आणि चाऱ्याचंही बघतात. ही अक्कल गोठ्यातून वर गेली, मंत्रालयातून खाली आली नाही.

माणसाच्या अनुभवाचा सरकारला उपयोग असतो तो असा. लोक म्हणतात, रडगाणं ऐकवून धोरण बनत नाही. बरोबर आहे, ऐकणाऱ्याच्या डोळ्यात पाणी आणणं हे त्याचं काम नाहीच. नियम नेमका कुठं अडतो ती जागा त्यातून दिसते, आणि ती जागा वरून दिसत नाही.

मी लोकांचे अर्ज भरून द्यायचं काम करतो, त्यामुळं अशा जागा माझ्यासमोर रोज खुर्ची ओढून बसतात. २०१९ च्या पुरात तातडीची मदत ठरली शहरात १५ हजार आणि गावात १० हजार. त्याआधी एक शासन निर्णय गाजला होता, घर दोन दिवसांपेक्षा जास्त पाण्यात असेल तर दहा किलो गहू आणि दहा किलो तांदूळ. मुख्यमंत्र्यांपासून सगळ्यांना लोकांनी धारेवर धरलं. गव्हाचं पीठ दीड दिवसात भिजत नाही काय, असं विचारणारी एक आजी माझ्याकडं आली होती. मी काय सांगणार?

पण जास्त लक्षात राहिल्या त्या भाडेकरू बायका. पंचनाम्याला माणूस आला की घर कुणाच्या नावावर, हे आधी विचारतो. भिजलेली गादी, फ्रीज, शिलाई मशीन हिचं, आणि कागद मालकाचा. भाडेकरार कुणी केलेलाच नसतो, कारण महिन्याचं भाडं हातात द्यायचं आणि गप राहायचं हीच रीत. त्यातली एक अगदी शांतपणे म्हणाली, "घर मालकाचं बुडलं, संसार माझा बुडला, मग पंचनामा दोघांचा का नाही?" असा नेमका प्रश्न मी कुठल्या बैठकीत ऐकलेला नाही.

तिला काय मिळालं? हेलपाटे घातल्यावर थोडंफार मिळालं. अर्ज निकाली निघाला. पुढच्या पुरात दुसरी बाई तोच प्रश्न घेऊन आली.

खरं दुखणं इथं आहे. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी जिल्हाधिकारी कार्यालयात लोकशाही दिन असतो. चांगली सोय आहे, मी लोकांना पाठवतो. तिथला नियम असा की तक्रार वैयक्तिक स्वरूपाची पाहिजे. का, तेही कळतं, नाहीतर सगळे पुढारी निवेदनं घेऊन रांगेत उभे राहतील. पण त्यामुळं होतं काय, शंभर जणांची एकच तक्रार शंभर वेळा वैयक्तिक म्हणून निकाली निघते. ती शंभर जणांची आहे म्हणजे नियमातच खोट आहे, ही बेरीज कुणाच्याच टेबलावर होत नाही.

आमच्याकडं लगेच शाहू महाराजांचं नाव निघतं. निघायलाच पाहिजे. त्यांच्या पदरी असलेल्या दलित नोकरानं, गंगाराम कांबळेंनी, आपल्याला झालेली मारहाण सांगितली, महाराजांनी त्यांना स्वतःचा धंदा काढायला लावला आणि त्यांच्या हॉटेलात स्वतः जाऊन चहा प्याले. पण ऐकणारा राजा नशिबानं मिळतो. बदली होऊन येणाऱ्या साहेबाकडनं तेवढी अपेक्षा धरायची म्हणजे लॉटरीच.

बेरीज होऊ शकते, हे आपल्याच जिल्ह्यानं दाखवलंय. शिरोळ तालुक्यातल्या हेरवाड ग्रामसभेनं ४ मे २०२२ ला विधवा प्रथा बंदीचा ठराव केला. कोविडनं ऐन तारुण्यात विधवा झालेल्या बायका तेव्हा गावोगाव होत्या. बांगड्या फोडणं, कुंकू पुसणं हे घराघरातलं दुःख, पण ते ठरावात आलं आणि १७ मे ला राज्य सरकारनं परिपत्रक काढून बाकीच्या ग्रामपंचायतींनाही हेच करायला सांगितलं. तेरा दिवसांत. परिपत्रकानं सक्ती केली नाही, सगळ्या गावांनी मनावरही घेतलं नाही, ते वेगळं. वाट मात्र दिसली.

उलट मुंबई उच्च न्यायालयाचं कोल्हापुरातलं सर्किट बेंच बघा. पक्षकारांनी महालक्ष्मी एक्स्प्रेसनं रात्रभर प्रवास करून मुंबई गाठायची आणि पुढची तारीख घेऊन परत यायचं, ही कहाणी चाळीस वर्षं सांगून झाली तेव्हा ऑगस्ट २०२५ मध्ये बेंच सुरू झालं. तेही वकिलांची संघटना पाठीशी होती म्हणून. भाडेकरू बायकांची कुठली संघटना?

आणि हो, अनुभव म्हणजे ब्रह्मवाक्य असंही मी म्हणत नाही. पुराला कर्नाटकातलं अलमट्टी धरण जबाबदार, हे आमच्या गल्लीत कुणालाही विचारा. राज्य सरकारनं नेमलेल्या वडनेरे समितीनं मात्र २०२० च्या अहवालात २०१९ च्या पुराचं खापर अलमट्टीवर फोडलं नाही. वाद अजून चालू आहे. शेजाऱ्यानं उंबऱ्यातनं पाणी आत येताना बघितलं, ते खरंच. ते कुठनं आलं, हे मोजणाऱ्यानं सांगायचं. दोन्ही कामं एकाच माणसाची नव्हेत.

सगळ्यात चीड येते ती लाभार्थी मेळाव्याची. तिथं नागरिकाचा अनुभव ऐकतात, पण निवडलेला, आदल्या दिवशी पाठ करून घेतलेला, हार घालून.

म्हणून माझी मागणी छोटी आहे. लोकशाही दिनात आलेल्या तक्रारी वर्षातनं दोनदा नियमवार मांडा. कुठल्या अटीवर किती जण अडले, ती अट बदलायची की नाही आणि नाही तर का, हे फलकावर लावा. नावं नकोत, फोटो तर नकोतच. याचाच अर्ज घेऊन मी येत्या पहिल्या सोमवारी जाणार आहे. वैयक्तिक स्वरूपाचा नाही म्हणून परत आला, तर त्याची पोच इथंच टाकतो.