ज्युकोची ‘फुल राइड’ आणि डिव्हिजनच्या नावाचा मोह

अमेरिकेतील मराठी पालकांमध्ये, विशेषतः ज्यांची मुले हायस्कूलच्या अमेरिकन फुटबॉल संघात शेवटच्या वर्षाला पोचली आहेत अशांमध्ये, एक सल्ला हातोहात पुढे जातो आहे. त्याचा आशय असा : डिव्हिजन वनच्या, म्हणजे चार वर्षांच्या कॉलेजांच्या खेळातील सर्वांत वरच्या पातळीच्या, कॉलेजाकडून ऑफर आली नाही तर निराश होऊ नये, मुलाला बारावीनंतरच्या दोन वर्षांच्या ज्युनिअर कॉलेजात, म्हणजे ‘ज्युको’त घालावे, तेथे फुटबॉलपटूंना फुल स्कॉलरशिप मिळते, दोन वर्षांत मुलगा अंगापिंडाने भरला की डिव्हिजन वनवाले स्वतःहून घेऊन जातात, ही दोन वर्षे आता कॉलेजात खेळण्यासाठी मिळणाऱ्या मुदतीत धरलीही जात नाहीत, एनएफएल या व्यावसायिक लीगमधले ॲरन रॉजर्स आणि जॉश ॲलन याच वाटेने गेले, डिव्हिजन थ्रीत मात्र छदामही मिळत नसल्याने तिकडे फिरकू नये. सल्ला देणाऱ्यांच्या हेतूबद्दल शंका नाही. परंतु यातले जवळजवळ प्रत्येक विधान अर्धे खरे आहे, आणि उरलेल्या अर्ध्याची किंमत ज्या घराला मोजावी लागते ते घर सल्ला देणाऱ्याचे नसते.

सुरुवात पैशापासून करू, कारण सल्ल्याचा सगळा डोलारा त्याच्यावर उभा आहे. दोन वर्षांच्या कॉलेजांचे खेळ चालवणारी सर्वांत मोठी संघटना म्हणजे १९३८ साली स्थापन झालेली एनजेसीएए. तिच्यातही डिव्हिजन आहेत आणि त्यांचा चार वर्षांच्या कॉलेजांची मुख्य संघटना असलेल्या एनसीएएच्या डिव्हिजनांशी संबंध नाही. एनजेसीएएच्या डिव्हिजन वनमधील कॉलेज ट्यूशन फी, इतर शुल्क, पुस्तके, राहणे आणि जेवण एवढे सगळे देऊ शकते; डिव्हिजन टूमधील कॉलेजाला राहण्या-जेवणाचा खर्च देण्याची परवानगी नाही; डिव्हिजन थ्रीत खेळासाठी शिष्यवृत्तीच नाही. फुटबॉल २०२१ पासून डिव्हिजन वन आणि डिव्हिजन थ्री अशा दोनच गटांत खेळला जातो, त्यामुळे मिनेसोटातील ज्युको संघाची ऑफर आणि टेक्सासमधील ज्युको संघाची ऑफर या दोन सर्वस्वी वेगळ्या गोष्टी आहेत. शिवाय वरच्या गटातही नियम फक्त कमाल मर्यादा सांगतो. कॉलेजाने तेवढे दिलेच पाहिजे असे तो कोठेही म्हणत नाही. ग्रामीण कॅन्ससमधल्या किंवा मिसिसिपीतल्या लहान सरकारी कॉलेजाच्या तिजोरीत जेवढे असते तेवढेच खेळाडूच्या वाट्याला येते, आणि पुष्कळदा ते ट्यूशन आणि पुस्तकांपाशी थांबते. कोच ‘फुल राइड’, म्हणजे सगळा खर्च आमचा, असे म्हणतो तेव्हा त्याच्या हिशेबात फेडरल सरकारचे पेल ग्रँट धरलेले असण्याची शक्यता मोठी असते. ते ग्रँट, कमाल ७,३९५ डॉलर, कुटुंबाच्या उत्पन्नावर ठरते. दोन्ही पालक सॉफ्टवेअरमध्ये असलेल्या घराला ते मिळण्याची आशा जवळजवळ नाही.

आता ती दोन नावे. ॲरन रॉजर्सला हायस्कूलनंतर डिव्हिजन वनमधून शिष्यवृत्तीची ऑफर आली नाही, तो २००२ साली घराजवळच्या ब्यूट कॉलेजात खेळला आणि पुढच्याच वर्षी बर्कलीला गेला, हे खरे आहे. जॉश ॲलन हा फायरबॉ या शेतीच्या गावातला मुलगा रीडली कॉलेजातून वायोमिंगला आणि तेथून २०१८ च्या ड्राफ्टमध्ये, म्हणजे एनएफएल संघांच्या खेळाडू-निवडीत, सातव्या क्रमांकावर गेला, हेही खरे आहे. पण ब्यूट आणि रीडली ही दोन्ही कॉलेजे कॅलिफोर्नियातली. कॅलिफोर्नियाची सरकारी दोन वर्षांची कॉलेजे एनजेसीएएत नाहीत. त्यांची सीसीसीएए ही वेगळी संघटना आहे आणि तिच्या नियमांनुसार खेळासाठी शिष्यवृत्ती देताच येत नाही. म्हणजे ज्या दोघांची उदाहरणे फुल स्कॉलरशिपच्या समर्थनार्थ फिरवली जातात, त्या दोघांना त्यांच्या ज्युकोने खेळासाठी एक डॉलरही दिलेला नव्हता. त्यांना ते परवडले कारण ते त्या राज्याचे रहिवासी होते आणि तेथील रहिवाशांसाठी शुल्क अगदी कमी असते. आज ते एका युनिटला, म्हणजे एका क्रेडिटला, ४६ डॉलर आहे. ऱ्होड आयलंडमधल्या किंवा ओहायोतल्या मुलाने ‘रॉजर्सची वाट’ धरायचे म्हटले तर त्याला बाहेरच्या राज्याचे कित्येक पट शुल्क भरावे लागेल, आणि बहुतेक ठिकाणी वसतिगृह नसल्याने भाड्याची खोलीही शोधावी लागेल. तिसरे नाव कॅम न्यूटनचे घेतले जाते. तो टेक्सासच्या ब्लिन कॉलेजकडून २००९ मध्ये राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकला आणि पुढच्या वर्षी ऑबर्नकडून हाइझमन, म्हणजे कॉलेज फुटबॉलमधील सर्वोत्कृष्ट खेळाडूचा पुरस्कार; परंतु तो ज्युकोत आला तोच फ्लोरिडा विद्यापीठातून. डिव्हिजन वनने त्याला आधीच हेरलेले होते, त्यामुळे ऑफर न मिळालेल्या मुलासाठी त्याचे उदाहरण लागूच पडत नाही.

यापुढचा मुद्दा सल्ल्यात मुळी नाहीच, आणि माझ्या मते तोच सर्वांत महत्त्वाचा आहे. ज्युकोतून डिव्हिजन वनला जाताना कोचच्या पसंतीइतकीच क्रेडिटची मोजणी निर्णायक ठरते. हायस्कूलमधून थेट पात्र ठरण्यासाठी एनसीएए १६ कोअर विषय (इंग्रजी, गणित, विज्ञान यांसारखे मूलभूत विषय) आणि त्यांत किमान २.३ जीपीए, म्हणजे चारपैकी सरासरी गुण, मागते. ज्याच्याकडे ते आहे त्याला ज्युकोतून बाहेर पडताना २.५ जीपीए आणि दर सत्राला सरासरी १२ हस्तांतरणीय क्रेडिट दाखवावी लागतात; ज्याच्याकडे ते नव्हते त्याला ज्युकोची पदवी घेऊनच निघावे लागते. येथपर्यंत एखादा मेहनती विद्यार्थी सहज पोचेल. खरी अडचण त्यानंतर येते. कॉलेजच्या तिसऱ्या वर्षात पाऊल ठेवणाऱ्या डिव्हिजन वनच्या खेळाडूने निवडलेल्या पदवीचा ४० टक्के भाग पूर्ण केलेला असला पाहिजे, चौथ्या वर्षी ६० टक्के आणि पाचव्या वर्षी ८० टक्के. कोणत्याही पदवीचा नव्हे, त्याने निवडलेल्या पदवीचा. इंजिनिअरिंगची पदवी १२८ क्रेडिटची असेल तर ४० टक्के म्हणजे ५१ च्या वर होतात. मुलाने ज्युकोत ६० क्रेडिट मिळवली, नव्या विद्यापीठाने ती सगळी स्वीकारलीही, परंतु त्यांतली ४२ च इंजिनिअरिंगच्या अभ्यासक्रमात बसली आणि बाकीची ऐच्छिक म्हणून बाजूला पडली, तर त्याला एक तर बाकावर बसावे लागते किंवा विषय बदलावा लागतो. विषय कोणता निवडला जातो हे सांगायला नको. जो भरलेली क्रेडिट गिळंकृत करील तो. मुलाला कॉम्प्युटर सायन्सला पाठवण्याच्या इच्छेने ज्युकोची वाट दाखवणाऱ्या पालकांनी हा हिशेब पहिल्या सत्राचे विषय निवडण्यापूर्वी मांडला पाहिजे, चौथ्या सत्रात नव्हे. कॅलिफोर्नियात तो मांडणे त्यातल्या त्यात सोपे आहे, कारण कोणत्या कॉलेजचा कोणता विषय राज्याच्या कोणत्या विद्यापीठात कशाच्या बदल्यात धरला जातो हे ‘असिस्ट’ या सरकारी यादीत कोणालाही पाहता येते. कॅन्ससमधून टेनेसीला किंवा आयोवातून ॲरिझोनाला जाणाऱ्यासाठी अशी तयार यादी नसते. तेथे विद्यापीठाच्या रजिस्ट्रारकडून लेखी उत्तर मिळवावे लागते, आणि कोचचे तोंडी आश्वासन त्याच्या जागी चालत नाही.

डिव्हिजन वनवाले स्वतःहून घेऊन जातात, हे वाक्य दहा वर्षांपूर्वी अधिक खरे होते. कोचला लगेच मैदानात उतरवता येईल असा, अंगाने तयार, वीस-एकवीस वर्षांचा खेळाडू हवा असे, आणि तो तेव्हा ज्युकोतच मिळे. २०१८ मध्ये ट्रान्स्फर पोर्टल, म्हणजे कॉलेज बदलू इच्छिणाऱ्या खेळाडूंची एनसीएएची यादी, सुरू झाले, २०२१ पासून एकदा कॉलेज बदलल्यावर वर्षभर बसून राहण्याची अट गेली, आणि २०२४ मध्ये अभ्यासात पात्र असलेल्याला कितीही वेळा बदलण्याची मुभा मिळाली. आज त्याच कोचला दुसऱ्या डिव्हिजन वन संघातला, त्याच पातळीवर खेळून दाखवलेला खेळाडू काही दिवसांत मिळतो. मग तो ज्युकोकडे पोर्टलमध्ये न सापडलेल्या जागांसाठी येतो. त्यातच खेळाडूंनी एनसीएएविरुद्ध लढलेल्या हाउस खटल्याच्या, जून २०२५ मध्ये मंजूर झालेल्या समझोत्यानुसार, त्यात सामील झालेल्या कॉलेजांची शिष्यवृत्त्यांची ८५ ची मर्यादा गेली खरी, पण संघ १०५ खेळाडूंपुरता झाला. पूर्वी स्वखर्चाने येणारे वॉक-ऑन धरून सव्वाशे जण सरावाला असत. सर्वांत आधी गळाल्या त्या या वॉक-ऑनच्याच जागा. ज्युकोतून अजूनही मुले वर जातात, डिसेंबरमध्ये पदवी घेऊन जानेवारीत दाखल होणाऱ्याला वसंत ऋतूतील सराव मिळतो म्हणून त्याला मागणीही असते. ‘आपोआप’ मात्र काहीही घडत नाही.

मुदतीबद्दलचे विधान एका खटल्यातून जन्मले आहे. डिएगो पाविया न्यू मेक्सिको मिलिटरी इन्स्टिट्यूट या ज्युकोकडून खेळला, तेथे २०२१ चे राष्ट्रीय अजिंक्यपद जिंकला, मग न्यू मेक्सिको स्टेट आणि तेथून व्हँडरबिल्टला गेला. ज्युकोची वर्षे आपल्या खेळण्याच्या मुदतीतून वगळावीत यासाठी तो न्यायालयात गेला आणि डिसेंबर २०२४ मध्ये नॅशव्हिलच्या फेडरल न्यायाधीशांनी त्याच्यापुरता मनाई हुकूम दिला. त्यानंतर एनसीएएने त्याच्यासारख्या, म्हणजे २०२४-२५ मध्ये मुदत संपत असलेल्या खेळाडूंना २०२५-२६ या एका हंगामाची सवलत दिली. निर्णय एवढाच. कोणत्याही कॉलेजात, दोन वर्षांच्या असो वा चार वर्षांच्या, पूर्णवेळ नाव नोंदवल्या दिवशी पाच वर्षांचे घड्याळ सुरू होते हा नियम त्या सवलतीने पुसला गेला नाही. म्हणूनच ज्युकोच्या मैदानावर येणारा प्रत्येक कोच पहिला प्रश्न विचारतो तो हाच, की घड्याळात किती वर्षे उरली आणि त्यांत खेळता किती येतील. आज अठरा वर्षांच्या असलेल्या मुलाचे नियोजन दुसऱ्याला मिळालेल्या एका हंगामाच्या सवलतीवर बेतणे हा शुद्ध जुगार आहे.

राहता राहिली डिव्हिजन थ्री, जिच्याबद्दल सल्ल्यात एवढी तुच्छता आहे. तेथे खेळासाठी शिष्यवृत्ती नाही, हे अगदी बरोबर. पण मग डिव्हिजन वनमध्येही सगळीकडे ती आहे असे मानायचे काय? आयव्ही लीग डिव्हिजन वनमध्ये खेळते आणि खेळासाठी शिष्यवृत्ती देत नाही. ड्रेक, डेव्हिडसन, डेटन आणि सॅन डिएगो यांची पायोनिअर लीगही डिव्हिजन वनचीच, आणि तेथेही फुटबॉलची शिष्यवृत्ती नाही. डिव्हिजन टूमध्ये ३६ पूर्ण शिष्यवृत्त्यांएवढी रक्कम शंभरेक मुलांत वाटली जाते, त्यामुळे एकेकाच्या वाट्याला तुकडाच येतो, मात्र त्याला गुणवत्तेची मदत जोडता येते. एनएआयए या चार वर्षांच्या लहान कॉलेजांच्या वेगळ्या संघटनेची मर्यादा २४ ची आहे, हिशेब साधारण तसाच. डिव्हिजनचे नाव पैशाबद्दल फारच थोडे सांगते.

डिव्हिजन थ्रीतील बहुसंख्य खेळाडूंना गुणवत्तेवर किंवा आर्थिक गरजेवर काही ना काही मदत मिळते, आणि ती संघ सोडला किंवा गुडघा गेला तरी चालू राहते, कारण ती खेळासाठी दिलेलीच नसते. ज्युकोचा करार एका शैक्षणिक वर्षाचा असतो. येथे एक सावधगिरी मात्र हवी : विल्यम्स, ॲमहर्स्ट किंवा एमआयटी फक्त गरजेवर मदत देतात, म्हणून चांगल्या पगाराच्या घराला तेथे पूर्ण शुल्क पडू शकते; क्लीव्हलँडचे केस वेस्टर्न गुणवत्तेवरही देते. ही सगळी कॉलेजे डिव्हिजन थ्रीत फुटबॉल खेळतात. कार्नेगी मेलन आणि जॉन्स हॉपकिन्सचे फुटबॉल संघही तेथेच आहेत, आणि शिकागो विद्यापीठही, ज्याच्या जे बर्वांगरला १९३५ साली पहिले हाइझमन मिळाले होते. या यादीला ‘वेळ वाया’ म्हणणारा मराठी पालक मला एरवी कोठे भेटला असता असे वाटत नाही. डिव्हिजन हा शब्द मध्ये आला की ही माणसे कॉलेजचे नाव वाचायचे विसरतात.

ज्युको कोणासाठी योग्य, याचे उत्तर यातूनच निघते. ज्याचे कोअर विषय अपुरे राहिले, जो दुखापतीमुळे शेवटचा हंगाम खेळू शकला नाही आणि ज्याच्या खेळाचे चित्रणच कोचांपुढे नाही, किंवा जो उशिरा उंच झाला आणि संघातली जागा बदलून खेळू लागला, त्याच्यासाठी ती उत्तम वाट आहे. ३.८ जीपीए घेऊन बसलेल्या, आकाराने मध्यम आणि वेगाने बरा असलेल्या मुलाला ज्युको असे काहीच देत नाही, जे त्याला डिव्हिजन थ्रीत किंवा टूमध्ये चार वर्षे एकाच ठिकाणी मिळणार नाही. संघ टिकेल याचीही खात्री लागते : फीनिक्सच्या परिसरातील मॅरिकोपा कॉलेज जिल्ह्याने फुटबॉल खेळणाऱ्या आपल्या चारही कॉलेजांचे संघ २०१८ च्या हंगामानंतर बंद केले, आणि तेथील मुलांना दुसऱ्या राज्यात जागा शोधाव्या लागल्या.

एका बाबीची या सल्ल्याला गंधवार्ताही नाही, आणि ती आपल्यापैकी पुष्कळांच्या घरातली आहे. मुलगा पालकांच्या एच-वन व्हिसावर अवलंबून एच-फोरवर असेल तर तो कॉलेजात शिकू शकतो, संघातून खेळू शकतो, खेळाची शिष्यवृत्तीही घेऊ शकतो. परंतु पेल ग्रँट किंवा फेडरल कर्ज त्याला मिळत नाही, आणि ज्युकोच्या ‘फुल राइड’मधला तेवढा भाग पहिल्याच दिवशी गळून पडतो. त्याला नोकरीची परवानगी नसल्याने जाहिरातींत नाव आणि प्रतिमा वापरू देण्याच्या मोबदल्याचे किंवा कॉलेज खेळाच्या उत्पन्नातून खेळाडूंना देते त्या महसूल-वाटपाचे करारही त्याच्या आवाक्याबाहेर राहतात. एकविसाव्या वाढदिवसाला एच-फोर संपतो, म्हणजे नेमके ज्युकोतून नव्या विद्यापीठात गेल्यावर वर्षाच्या आत केव्हातरी त्याला एफ-वन या विद्यार्थी व्हिसावर जावे लागते, आणि त्याबरोबर काही राज्यांत रहिवाशाचे कमी शुल्कही जाऊ शकते. कोचला हे माहीत नसते आणि ते त्याचे कामही नाही. ऑफर हाती आल्यावर कॉलेजच्या आंतरराष्ट्रीय विद्यार्थी कार्यालयाला आणि आर्थिक मदत कार्यालयाला पालकांनी स्वतः पत्र लिहून पहिल्या आणि तिसऱ्या वर्षाचा खर्च वेगवेगळा मागावा, आणि उत्तर येईपर्यंत सही करू नये.