वहीवर सही घ्यायला येणारा मुलगा

मे 2024 मध्ये पुण्यात कल्याणीनगरच्या अपघातानंतर गाडी चालवणाऱ्या अल्पवयीन मुलाच्या जामिनासाठी घातलेली 300 शब्दांच्या निबंधाची अट वाचून माझंही डोकं फिरलं होतं. दोन तरुण जीव गेले होते, लोकांचा संताप रास्तच होता. पण तेव्हापासून 'अल्पवयीन असो की कुणी, आतच टाका' हे मी लग्नात, रिक्षात, सोसायटीच्या मीटिंगमध्ये इतक्यांदा ऐकलंय की आता लिहिल्याशिवाय राहवत नाही.

मी रात्रशाळेत शिकवते. माझ्या वर्गातल्या एका मुलानं सोळाव्या वर्षी मोटरसायकल चोरली. (नाव, वस्ती सांगणार नाही. कायद्यानंही ओळख उघड करायची नसते.) पेट्रोल संपेपर्यंत फिरवली आणि रस्त्याकडेला टाकून दिली. निरीक्षणगृहात, म्हणजे चौकशी चालू असताना अल्पवयीन मुलांना ठेवतात तिथे, अकरा दिवस होता. बाहेर आल्यावर मला म्हणाला, "मॅडम, हँडल लॉक तोडायला अर्धं मिनिट पण लागत नाही." आत जाताना त्याला हे येत नव्हतं.

2015 च्या बाल न्याय कायद्यातलं कलम 18 एकदा वाचून बघा. समज देण्यापासून विशेष गृहात (अशा मुलांच्या सुधारगृहात) तीन वर्षं ठेवण्यापर्यंत बरंच काही बाल न्याय मंडळाच्या हातात असतं. अल्पवयीन मुलांची प्रकरणं हेच मंडळ चालवतं. माझ्या या मुलाच्या आईनं बंधपत्र लिहून दिलं आणि मंडळानं त्याला वर्षभराच्या परिविक्षेवर (प्रोबेशनवर, म्हणजे देखरेखीखाली) घरी पाठवलं. परिविक्षा अधिकाऱ्यांकडे इतकी मुलं की महिन्यातून एक भेट होणंही मुश्कील. ते मला म्हणाले, "दर रविवारी तुमच्याकडे येऊ दे, वहीत सही करत जा."

पहिले दोन महिने तो चप्पलही न काढता दारातूनच वही पुढे करायचा. सही झाली की धडाधड जिना उतरून पसार. मग एका रविवारी ओलाचिंब होऊन आला. टॉवेल दिला, थालीपीठ दिलं, तेव्हा बसला. आठवडाभर गॅरेजवर कामाला गेलाच नव्हता. एक पाना हरवला होता आणि मालकानं सगळ्यांदेखत याचे खिसे तपासले होते. सोमवारी मी त्याच्याबरोबर गॅरेजवर गेले, मालकाशी बोलले. मंगळवारपासून तो परत कामाला लागला.

नुसत्या सहीनं हे मला कधीच कळलं नसतं. पण वही मंडळापुढे जाणार नसती, तर तो माझ्या दारात आलाच नसता, हेही तितकंच खरं. नजर हवी आणि मायाही हवी, एकीवर भागत नाही.

एक गोष्ट मात्र आजही सलते. ज्याची गाडी गेली तो डिलिव्हरीचं काम करायचा, त्याची चार दिवसांची कमाई बुडाली. त्या माणसासमोर या मुलाला कुणीच उभं केलं नाही. मलाही तेव्हा सुचलं नाही.

कोयत्यानं वार करणाऱ्यांचं काय, असं विचाराल. सोळा ते अठरा वयाच्या मुलानं निर्घृण गुन्हा केला, तर प्राथमिक मूल्यांकन करून मंडळ ते प्रकरण बाल न्यायालयाकडे पाठवू शकतं. ती सोय याच कायद्यात आहे. मी बोलतेय ते गाडी, मोबाईल, मारामारीत सापडलेल्या पोरांबद्दल.

परिविक्षा अधिकारी वाढवा, त्यांना फिरायला गाडीखर्च द्या, ही माझी सरकारकडे मागणी आहे. आणि तुमच्यापैकी कुणाला आठवड्याचा एक तास काढता येत असेल, तर अशा एखाद्या मुलासाठी तो देता येईल का, हे आपल्या जिल्ह्याच्या बाल संरक्षण कक्षात जाऊन विचारा. तिथे काय बोलायचं, कसं बोलायचं याबद्दल आधी माझ्याशी बोलावंसं वाटलं तर इनबॉक्समध्ये लिहा, मी फोन करेन.