मोरी, बाळंतीण आणि पारा

मालवणात बाळंतिणीला मोरीचं, म्हणजे लहान शार्कचं, कालवण देतात. त्याने दूध भरपूर येतं, असं पिढ्यान्‌पिढ्या मानलं जातं. इथे न्यू जर्सीत माझ्या भाचीला डॉक्टरांनी माशांचा जो सरकारी तक्ता दिला, त्यात शार्क 'टाळा' या रकान्यात आहे. गर्भवतींसाठी आणि अंगावर पाजणाऱ्या आयांसाठीही. मामेभावाच्या बायकोचे दिवस भरत आले, तसे घरच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर हे दोन सल्ले एकमेकांना भिडले. भाचीने तक्ता टाकला. मामीचं उत्तर आलं, "आमी काय मेलव? मोरीशिवाय दूध येवचा नाय."

मामीला एवढंच सांगावंसं वाटतं, की तिच्या आजीच्या वेळचा समुद्र आता राहिलेला नाही. कोळसा जाळताना, सोनं गाळताना पारा हवेत जातो आणि फिरून समुद्रात उतरतो. औद्योगिक क्रांतीपासून समुद्राच्या वरच्या थरातला पारा सुमारे तिप्पट झाला आहे. सूक्ष्म जीव त्याचा मिथाइल पारा, म्हणजे अंगात साठणारा विषारी प्रकार, करतात, आणि लहान मासा मोठ्याच्या पोटात जाईल तसा तो वाढत जातो. अमेरिकी मोजणीत शार्कमध्ये सरासरी ०.९८ पीपीएम (दहा लाख भागांतले भाग) पारा आहे, सार्डिनमध्ये, म्हणजे आपल्या तारलीच्या जातकुळीत, ०.०१३. हा पारा माशाच्या चरबीत नव्हे, मांसात बसतो. त्यामुळे कातडी सोला, कोकमाचं आगळ लावा, नाहीतर खरपूस तळा, तो जात नाही. जपानमध्ये मिनामाताला कारखान्याच्या सांडपाण्यातला पारा माशांतून माणसांत गेला. १९५६ मध्ये तो आजार नोंदला गेला. तिथे काही आयांना जेमतेम त्रास झाला, पण त्यांची बाळं मेंदूला कायमची इजा घेऊन जन्माला आली.

भाचीचा तक्ताही मालवणला जसाच्या तसा लागू पडत नाही. त्यात 'टाळा' म्हटलेला किंग मॅकरेल हा मासा अटलांटिकचा. इथल्या देशी दुकानात किंगफिश म्हणून गोठवलेली मिळते ती सुरमई त्याच्या भावकीतली, पण वेगळी. कोकणच्या बाजारातली मोरीही बऱ्याचदा हातभर लांबीची असते. मोठ्या मुशीत, म्हणजे मोठ्या शार्कमध्ये, वर्षानुवर्षं साठतो तेवढा पारा तिच्यात साठायला वेळच मिळालेला नसतो. शिवाय नुसत्या भीतीने नुकसान होतं. २००१ मध्ये अमेरिकी सरकारने पाऱ्याचा इशारा दिला, तेव्हा मॅसॅच्युसेट्समधल्या गर्भवतींनी एकूणच मासे कमी केले. बाळाच्या मेंदूला लागणारं ओमेगा-३ ज्यातून मिळतं, तेच ताटातून गेलं. आताचा तक्ता म्हणूनच आठवड्याला २२५ ते ३४० ग्रॅम कमी पाऱ्याचे मासे खाच, असं सांगतो.

मला राग येतो तो या गोष्टीचा, की मालवणच्या बाईसाठी तिच्या माशांचा तक्ता कुणी तिच्या हातात दिलेला नाही. आपली मासळी युरोपला जाते, तेव्हा तिच्यातला पारा तपासला जातो. तिकडच्या गिऱ्हाइकाला जी हमी मिळते, ती मालवणच्या पोटुशीला का नको? २०१८ मध्ये गोव्यात मासळी टिकवायला फॉर्मेलिन हे रसायन लावतात, या संशयावरून केवढं रान उठलं. परराज्यातल्या मासळीचे ट्रक अडवले, विधानसभा दणाणली. ते योग्यच होतं. पण पाऱ्यावर चकार शब्द निघत नाही, कारण पाऱ्यासाठी अडवायला ट्रक नाही.

आणि धुराडी कुठे थांबली आहेत? मिनामाताच्या नावाचा पाऱ्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार अमेरिकेने २०१३ मध्ये स्वीकारला, भारताने २०१८ मध्ये. तरी २०२५ मध्ये अमेरिकी सरकारने बऱ्याच कोळसा केंद्रांना पाऱ्याच्या कडक नियमातून दोन वर्षांची सूट दिली. त्याच वर्षी भारताने बहुतेक औष्णिक केंद्रांना गंधक काढणारी यंत्रणा बसवण्यातून मोकळं केलं. ती यंत्रणा धुरातला काही पाराही अडवते. तेव्हा परदेशातून घरच्यांना शहाणपण शिकवण्याचा अधिकार मला वाटत नाही.

तक्ता मात्र हवाच, मराठीत, अंगणवाडीत आणि प्राथमिक आरोग्य केंद्रात, आपल्या किनाऱ्यावरचे मासे जातीनुसार आणि आकारानुसार मोजून. अंगातला पारा निम्मा व्हायलाच दीड-दोन महिने लागतात, म्हणून हा तक्ता नव्या सुनेपर्यंत दिवस राहण्याआधी पोचायला हवा. तोवर मी वहिनीला कळवलं आहे: तारली, मांदेली, बांगडा, कोळंबी निर्धास्त खा, मोठ्या सुरमईचे तुकडे क्वचित, मोरी खायचीच तर लहान, तीही एखाद्याच वेळी. मोठी मुशी कुणी कितीही मायेने आणली, तरी नको म्हण.