चपलेचे कार्यक्षेत्र

परवा सकाळी माझा डावा पाय घरासमोरच्या चरात गेला. पाय वर आला, चप्पल आली नाही. घटना एवढीच आणि इतकी क्षुल्लक आहे की तिच्यावरून दोन दिवस धुमसत राहण्याची माझी मलाच लाज वाटते. परंतु ज्या रस्त्यावर तीन आठवड्यांपूर्वीच डांबर पडले होते आणि ज्याच्या गुळगुळीतपणाचे मी चारचौघांत कौतुकही करून बसलो होतो, त्याच रस्त्याने माझी चप्पल गिळावी, हा शुद्ध कृतघ्नपणा होता.

काठावर केबल टाकणाऱ्या ठेकेदाराचे मुकादम उभे होते. चराच्या तळाशी कामगार होता, त्याच्या हातात फावडे होते आणि फावड्यापासून माझी चप्पल हातभर अंतरावर होती. ती वर देण्याची मी विनंती केली. मुकादमांनी वाकून चपलेची पाहणी केली आणि अत्यंत आदराने सांगितले, “साहेब, ती पाण्याच्या पाइपावर बसली आहे. आमचे काम केबलपुरते. तिथे फावडे लागून पाइप फुटला, तर जबाबदारी कोणाची?”

“फावडे नको, हाताने उचला,” मी म्हणालो.

“हात तरी आमचाच ना?”

या युक्तिवादाला उत्तर नव्हते. पाणीपुरवठ्याचा माणूस आल्याशिवाय काही होणार नाही, असे ठरले आणि मी एका पायावर, बगळ्याच्या एकाग्रतेने, त्याची वाट पाहत उभा राहिलो. तासाभराने चावीवाले आले. नळाच्या चाव्या फिरवण्यात त्यांची हयात गेली होती. त्यांनी पाइपाकडे नुसते पाहिले आणि जाहीर केले, “ही लाइन आमची नाही. म्हणजे होती, नवी टाकल्यावर बंद केली. आता ही कोणाचीच नाही.”

मुकादम गंभीर झाले. “मग तर मुळीच हात लावता येणार नाही. कोणाची असती, तर निदान विचारता आले असते.”

मला हसू आले आणि त्याच वेळी भीतीही वाटली. कोणती वाहिनी कोठून वळते, कोठे बंद केली आहे, हे त्या चावीवाल्यांच्या डोक्याबाहेर कोठेही नीट लिहिलेले नव्हते. ते पुढच्या वर्षी निवृत्त होणार आहेत. लाखो लोकांच्या वस्तीचा भूमिगत नकाशा एका माणसाच्या स्मरणशक्तीत असावा आणि त्या माणसाला चष्म्याचे घर कोठे ठेवले ते आठवू नये (ते त्यांच्या खिशातच होते), ही काही विनोदाची गोष्ट नव्हे.

वास्तविक या कामाचा क्रम साधा आहे. सांडपाणी उतारावर वाहते, म्हणून त्याची वाहिनी सहसा सर्वांत खोल आणि सर्वांत आधी, पिण्याचे पाणी दाबाने जाते, म्हणून ते तिच्या वर आणि शक्यतो बाजूला, मग केबल, आणि सगळ्यांत शेवटी डांबर. चर बुजवतानाही माती पातळ थरांनी दाबत भरायची असते, नाहीतर ती हळूहळू बसते आणि डांबराला पोट पडते. आमच्याकडे डांबर आधी येते. लंडनमध्ये 1858 च्या उन्हाळ्यात थेम्स नदीची दुर्गंधी असह्य झाली, तेव्हा संसदेला जाग आली आणि अभियंते जोसेफ बझलजेट यांनी वाढत्या शहराचा अंदाज धरून गटारांचे जाळे उभारले. पॅरिसने एकोणिसाव्या शतकातच गटारांच्या बोगद्यांमधून पाण्याचे नळही नेले. जपानने तर सगळ्या वाहिन्या एकत्र नेणाऱ्या सामायिक भूमिगत बोगद्यांसाठी 1963 मध्ये कायदा केला. असा बोगदा सगळीकडे का होत नाही, याचे उत्तर हिशेबात आहे: बोगद्याचा खर्च एकाच वर्षी, एकाच खात्याच्या अंदाजपत्रकात डोळ्यांत भरतो, दर वर्षी होणाऱ्या खोदाईचा खर्च मात्र चार खात्यांत वाटला जातो आणि उरलेला आमच्या कमरेत, रुग्णवाहिकेच्या खोळंब्यात आणि धुळीने भरलेल्या छातीत जमा होतो. त्याची पावती कोणी देत नाही. शेजारच्या आजी पंधरा दिवस फिरायला बाहेर पडलेल्या नाहीत. त्यांचा खर्च कोणत्या खात्यात धरायचा, हे मला एखाद्या अभियंत्याने समजावून सांगावे.

असो. विषय चपलेचा होता.

दुपारी जेसीबी आला आणि त्याने माती ढकलायला सुरुवात केली. थरबीर काही नाही, सगळी एकदम. मी ओरडलो, तेव्हा मुकादमांनी, आपण अगदीच निर्दय नाही हे दाखवण्यासाठी, खिशातून वही काढली. केलेल्या कामाचा कच्चा नकाशा ते ठेकेदाराला देत असत. “नोंद करून ठेवतो,” ते म्हणाले. “डावी की उजवी?”

“डावी.”

“खोली सव्वा मीटर धरतो.” मग त्यांनी फीत लावून माझ्या फाटकापासूनचे अंतर मोजले आणि एक छोटी चौकट काढून तिच्यात नीट अक्षरांत लिहिले: ‘चप्पल, डावी’. मी मान वाकडी करून वहीत डोकावलो. केबलची रेघ होती, फाटक होते, चप्पल होती. पाण्याचा पाइप त्यांनी दाखवला नव्हता.

“तो कोणाचाच नाही ना,” ते म्हणाले.

उजवी चप्पल मी अजून टाकलेली नाही. गटाराचे काम दिवाळीनंतर आहे, असे ऐकतो.