‘व्यायाम करून वजन वाढलं’ या तुमच्या रिव्ह्यूला आमचं उत्तर

नमस्कार ताई,

आमच्या इंदूरच्या जिमबद्दलचा तुमचा दोन स्टारचा रिव्ह्यू काल रात्री वाचला. आज सकाळची बॅच सुटल्यावर दोन्ही ट्रेनरांना समोर बसवून पुन्हा मोठ्याने वाचला. ज्यांच्या नजरेखालून तो गेलेला नाही त्यांच्यासाठी थोडक्यात सांगते. तुम्ही तीन महिने साडेसहाच्या बॅचला नेमाने आलात आणि वजन ६८ किलोचं ६९.४ झालं. व्यायामानंतर दिवसभर अशी भूक लागते की हाताला लागेल ते संपतं, असं तुम्ही ट्रेनरला सांगितलंत, तर ‘पाचशे कॅलरी जाळल्यात, खा की बिनधास्त’ असं उत्तर मिळालं. रविवारी जिमच सगळ्यांना पोहे-जलेबी खायला घेऊन जाते. काउंटरवर तुम्हाला प्रोटीन पावडरचा डबा घ्यायचा आग्रह झाला. आणि शेवटी तुम्ही लिहिलंत, ‘व्यायामाने फक्त भूक वाढते, पैसे वाया गेले.’

शेवटचं वाक्य सोडलं तर बाकी सगळं खरं आहे. वजनाचे आकडे तुम्हीच लिहिलेत म्हणून इथे घेते आहे, रजिस्टरमधलं तुमचं दुसरं काहीही मी चारचौघांत मांडणार नाही.

आधी ते ‘पाचशे कॅलरी’. ही चूक आमची आहे आणि ती मोठी आहे. ट्रेडमिलच्या पडद्यावर जो आकडा दिसतो तो बहुतेक वेळा जास्तीचा असतो. वजन न टाकता मशीन सुरू केलं तर ते आपल्या मनाने कुणाचं तरी वजन धरतं. दांडा धरून चाललं तर खर्च आणखी कमी होतो, आणि ते मशीनला कळत नाही. ६८ किलोच्या बाईने ४० मिनिटं बऱ्यापैकी झपझप चाललं तर साधारण २०० कॅलरी खर्च होतात. त्यातल्या ४५ तर ती घरी खुर्चीत बसली असती तरी गेल्याच असत्या, श्वास आणि हृदय चालायलाही कॅलरी लागतात. म्हणजे व्यायामाची खरी कमाई दीडशेच्या आसपास. आम्ही तुम्हाला पाचशे सांगितली. पाचशे मिळाले असं समजून कुणी अडीचशेचं खाल्लं तर त्यात त्या माणसाचा काय दोष?

आता दुसरी बाजू. तीन महिन्यांत १.४ किलो वाढणं ऐकायला भयंकर वाटतं, पण जरा मोजून बघू. एक किलो चरबी म्हणजे साधारण ७७०० कॅलरी. १.४ किलो म्हणजे १०,८०० च्या आत-बाहेर. ९० दिवसांनी भागलं तर रोजच्या १२० कॅलरी. एक मोठा चमचा तेल. नाहीतर आपली इंदुरी शेव, एक बारकी मूठ.

ही मूठ मी माझ्या घरात पाहिलेली आहे. मुलगा झाल्यावर माझं वजन ७८ वर गेलं होतं. पहाटे नेहरू स्टेडियमकडे चालायला जायचे, एक दिवस खाडा नाही, आणि काटा हलायला तयार नाही. जेवणात तर मी भातसुद्धा सोडला होता. संध्याकाळी पाच-साडेपाचला चहाचं आधण ठेवलं की ओट्यापाशी उभं राहून शेवेच्या डब्याचं झाकण उघडायचं. पाणी उकळेपर्यंत एक चिमूट, साखर घालताना एक, दूध उतू जातंय का बघताना आणखी एक. ताटात वाढून घेतलेलं नसल्यामुळे ते खाणं माझ्या लेखी खाणंच नव्हतं. एकदा सासूबाईंनी नुसतं विचारलं, ‘परवाच आणलेली शेव संपली कशी?’ त्या दिवशी मी स्वयंपाकघरातल्या काट्यावर माझी मूठ मोजली. २६ ग्रॅम भरली. शेव म्हणजे बेसन आणि तेल, १०० ग्रॅमला ५०० च्या वर कॅलरी. एका मुठीत १४० गेल्या. माझं सकाळचं अख्खं चालणं तिथे ओट्यापाशी संपत होतं.

म्हणून ताई, तुम्ही ‘हाताला लागेल ते संपतं’ असं लिहिलंत ते वाचून मला राग आला नाही, पोटात कालवलं. तुम्हाला हावरटपणा म्हणून कुणी हिणवलं असेल तर ते चूक आहे. ही भूक शरीराची आहे आणि तिची एक वेळ असते.

ती वेळ कशी ठरते ते सांगते, कारण हेच आम्ही पहिल्या आठवड्यात सांगायला हवं होतं. दमवणारा व्यायाम झाला की लगेच भूक लागत नाही. भुकेचा इशारा देणारं घ्रेलिन नावाचं संप्रेरक त्या वेळी काही काळ खाली गेलेलं असतं. त्यामुळे साडेसात-पावणेआठला घरी पोचलं की वाटतं, आत्ता नको, चहावर भागेल. मुलांचे डबे, नवऱ्याचा नाश्ता, ऑफिसची गडबड, आणि चहा-बिस्किटावर अकरा वाजतात. आदल्या रात्री साडेआठला जेवलेलं. म्हणजे चौदा तास पोटात धड काही नाही, मध्ये तासभर व्यायाम. मग अकराला किंवा चारला जी भूक उसळते ती पोळी-भाजीवर थांबत नाही, तिला तळलेलं आणि गोडच लागतं. वर मनात तो पाचशेचा आकडा असतोच, ‘आज मी केलंय ना, मग चालतंय.’ सगळ्यांचं असं होत नाही. एकाच बॅचमधल्या दोघींपैकी एकीची भूक व्यायामाने शांत होते, दुसरीची पेटते. तुमची पेटते, तर तुमचा आहार वेगळा बसवायला हवा होता. तो कोणी बसवला नाही.

मी तुमच्या जागी असते तर हे केलं असतं. निघण्याआधी अर्धं केळं. आल्यावर भूक असो-नसो, तासाभरात बसून, ताट-वाटी घेऊन नाश्ता. आपल्याकडे पोह्यांवर उसळ घालायची पद्धत आहे, ती फार शहाणपणाची आहे. नुसते पोहे खाल्ले तर दोन तासांत पोट रिकामं, पण त्यावर मोड आलेल्या मटकीची वाटीभर उसळ आणि सोबत वाटी दही घेतलं की दुपारच्या जेवणापर्यंत तग धरतो. मुगाची दोन धिरडी चालतील. खात असाल तर दोन अंडी, त्यांतून १२ ग्रॅम प्रथिनं मिळतात. हैदराबादच्या राष्ट्रीय पोषण संस्थेच्या मापाने मोठ्या माणसाला किलोमागे रोज ०.८३ ग्रॅम प्रथिनं लागतात, म्हणजे तुम्हाला ५६-५७ ग्रॅम. वजन उतरवताना त्याहून थोडं जास्तच बरं, कारण प्रथिनांनी पोट भरलेलं राहतं आणि स्नायू टिकतात. आपल्या घरांतल्या बहुतेक बायकांच्या पानात एवढं पडत नाही. वरणाची वाटी पातळ, आणि तीही सगळ्यांना वाढून झाल्यावर उरलेली.

संध्याकाळची पाचची वेळ मात्र मोकळी सोडू नका. ती भूक येणारच. फुटाणे, ताक, एखादं फळ चार वाजताच काढून ठेवा. शेव खायची तर वाटीत काढून, डबा बंद करून वर ठेवून, आणि बसून. इंदुरात राहून शेव सोडा असं मी कुणालाही सांगणार नाही.

झोपेचंही बोलते. तुमच्या बॅचमधल्या कितीतरी जणी पाहुणे आले की रात्री साडेअकराला सराफ्याच्या खाऊगल्लीत असतात, हिवाळ्यात गराडू म्हणजे तळलेला कंद आणि इतर वेळी भुट्ट्याचा कीस, आणि सकाळी सव्वापाचचा गजर. पाच तास झोपलेल्या माणसाला दुसऱ्या दिवशी जास्त भूक लागते. अशा सकाळी बॅच बुडवून झोपलात तरी मी काही म्हणणार नाही.

एक गोष्ट इथे वाचणाऱ्या सगळ्यांसाठी. मधुमेहाच्या गोळ्या किंवा इन्सुलिन चालू असेल तर व्यायामानंतरची जोराची भूक, घाम, हातपाय थरथरणं ही साखर खाली गेल्याची खूण असू शकते. तेव्हा भूक मारायची नाही, लगेच गोड घ्यायचं, साखर तपासायची आणि डॉक्टरांना सांगायचं. आणि ज्यांचं लपून, थांबता न येण्याइतकं खाणं होतं, नंतर स्वतःची किळस वाटते, त्यांनी जिमच्या भरवशावर राहू नये. त्यावर उपचार आहेत, डॉक्टरांकडे जावं.

आता जिथे मी तुमच्याशी सहमत नाही ते. ‘पैसे वाया’ हे मला मान्य नाही. नुसत्या व्यायामाने वजन फारसं उतरत नाही हे खरं, आणि हे बोर्डावर लिहून ठेवण्याची हिंमत आमच्या धंद्यात कमी जणांना होते. पण काट्यावरचा सगळा फरक चरबीचा नसतो. नव्याने व्यायाम सुरू केला की स्नायू साखरेचा साठा करतात आणि साठ्याच्या प्रत्येक ग्रॅममागे साधारण तीन ग्रॅम पाणी धरतात, त्यामुळे पहिल्या काही आठवड्यांत काटा वर जाऊ शकतो. कंबर मोजा. भारतीय बायकांसाठी ८० सेंटिमीटर ही धोक्याची रेषा मानतात. आणि काटा हलला नाही तरी चालणाऱ्या-वजनं उचलणाऱ्या शरीराचं रक्तदाबाचं आणि साखरेचं गणित सुधारतं, उतरलेलं वजन पुन्हा चढू नये म्हणूनही व्यायामच उपयोगी पडतो. तुम्ही तीन महिने ज्या नेटाने आलात तो नेट वाया गेलेला नाही.

प्रोटीन पावडरचं एवढंच सांगते की काउंटरवरची विक्री आजपासून बंद केली आहे.

रिसेप्शनसमोरची ‘घाम गाळा, बिनधास्त खा’ ही पाटी मी सकाळी स्वतः उतरवली. ट्रेडमिलच्या पडद्यावरच्या कॅलरीच्या रकान्यावर पट्टी चिकटवली आहे, मिनिटं आणि वेग तेवढे दिसतील. नव्या माणसाला पहिल्या आठवड्यात ‘किती वाजता भूक लागते’ हे विचारायचं आणि लिहून घ्यायचं, हे ट्रेनरांना बांधून दिलं आहे. रविवारचे पोहे मात्र बंद करणार नाही. दहा बायका घराबाहेर, स्वतःसाठी म्हणून, एकत्र बसून खातात ते मला मोडायचं नाही. उसळ घालून पोहे प्रत्येकीला, जलेबीची एक प्लेट चौघींत, आणि ते बक्षीस म्हणून नाही तर त्या दिवशीचा नाश्ता म्हणून.

तुमच्या तीन महिन्यांच्या फीबद्दल: परत हवी असेल तर पूर्ण परत करते, कारण विचारणार नाही, आणि रिव्ह्यू काढा असंही म्हणणार नाही. तो राहू द्या, पुढे येणाऱ्यांना वाचायला मिळेल. फीऐवजी पुढचे दोन महिने माझ्यासोबत करायचे असतील तर शनिवारी अकराला या, तेव्हा जिम रिकामी असते. येताना तीन दिवसांचं लिहून आणा, काय खाल्लं त्याहीपेक्षा किती वाजता आणि उभ्याने की बसून. कॅलरी लिहू नका, त्या मी मांडते. चहा इथेच घेऊ.